धाराशिवच्या बायकांनी दिलेले उत्तर

तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ च्या ऑक्टोबरात एक मोठे काम सुरू झाले. गावोगावच्या ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांची नावे त्यासाठी नोंदली गेली. दुष्काळी मुलखातल्या, शेतात राबणाऱ्या या बायका. बहुतेकींनी आयुष्यात कधी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घेतलेली नव्हती. गावांचे ५२ गट पाडले गेले आणि कोणत्या गटाला काय मिळणार हे सोडतीने ठरले. १३ गटांतल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी, १३ गटांत पेशी तपासणारी पॅप चाचणी, १३ गटांत आम्लाचा बोळा लावून डोळ्यांनी करायची साधी चाचणी. उरलेल्या १३ गटांना नेहमीच्या आरोग्यसेवेखेरीज वेगळे काही नाही.

बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्सच्या लिऑन शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम चालवले. लिऑनहून डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीत डॉ. भगवान नेने हे त्यातले ठळक चेहरे. गावात नमुने घ्यायला मोठे डॉक्टर गेले नाहीत, प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका गेल्या. बोलावलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के बायका तपासणीला आल्या. खेड्यातल्या बायका लाजतात, असली तपासणी करून घेणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना हा पहिला जबाब होता.

आठ वर्षांनी हिशेब मांडला गेला. कोणतीही तपासणी न झालेल्या ३१ हजार ४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या ३४ हजार १२६ बायकांच्या गटात हा आकडा होता ३४. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि तेही तपासणी एकदाच, फक्त एकदाच झालेली असताना. पॅप आणि आम्लाच्या चाचणीच्या गटांत एका फेरीने असा फरक पडला नाही. तिथे मृत्यू अनुक्रमे ५४ आणि ५६ होते. एचपीव्ही तपासणीत विषाणू न सापडलेल्या २४ हजारांहून अधिक बायकांपैकी पुढच्या आठ वर्षांत अवघ्या आठ जणींना हा कर्करोग झाला. २००९ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली, तेव्हा त्या शिफारशीमागच्या पुराव्यांत मराठवाड्यातल्या या बायका होत्या.

आता दुसरा आकडा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या ३० ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका होत्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. उत्तर ज्या देशाच्या खेड्यांत सापडले, त्याच देशात ते कपाटात पडून राहिले.

हा विषाणू आहे तरी काय? एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे हातापायावर साधे चामखीळ येतात, काहींमुळे गुप्तांगावर मस्से येतात. कर्करोगाला कारण ठरू शकणारे १४ च्या आसपास प्रकार आहेत आणि त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे सर्वांत घातक. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात. कर्करोगामागे हा विषाणू असल्याचे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३-८४ मध्ये दाखवून दिले. त्याआधी वैद्यकात हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूवर संशय घेतला जात होता. त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले.

गर्भाशयाचे तोंड, म्हणजे गर्भपिशवीचा खालचा, योनीत उघडणारा भाग. तिथे दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते आणि तिथल्या पेशी सतत बदलत असतात. विषाणूला नेमकी हीच जागा सोयीची पडते. तो बारीकशा जखमेतून आतल्या थरात शिरतो आणि दोन प्रथिने तयार करतो. पेशींची वाढ आवरणारी आणि बिघडलेली पेशी मारून टाकणारी शरीराची जी व्यवस्था आहे, ती ही प्रथिने निकामी करतात. लगाम सुटलेल्या पेशी वाढत राहतात.

पण सगळ्यांत महत्त्वाचे पुढेच आहे. हा संसर्ग अतिशय सर्रास आढळतो. लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ना ताप, ना खाज, ना दुखणे. ज्या थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये हा काळ बराच आखूड होतो आणि धोका सहापट असतो. धूम्रपानानेही धोका वाढतो.

पंधरा-वीस वर्षे. इतकी मोठी सवलत देणारा दुसरा कर्करोग शोधून सापडणे कठीण. या काळात पेशींतला बदल दिसू शकतो, तो काढून टाकता येतो आणि बाईला कर्करोग होतच नाही. असे असूनही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळपास ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

यात लाज आडवी येते, हे खरे. विषाणू संबंधांतून पसरतो म्हटले की घरात पहिला प्रश्न उठतो तो बाईच्या चारित्र्याचा. तो प्रश्न अन्यायाचा आहे आणि शास्त्राच्या कसोटीवरही चुकीचा आहे. आयुष्यात एकच पुरुष, तोही लग्नाचा नवरा, एवढेच संबंध असलेल्या बाईलाही हा संसर्ग होतो. विषाणू पंधरा वर्षांपूर्वी शरीरात आलेला असू शकतो, नवऱ्याला त्याच्या लग्नाआधी झालेला असू शकतो. पुरुषालाही त्याची काही लक्षणे नसतात. निरोधामुळे धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही, कारण विषाणू त्वचेच्या स्पर्शाने पसरतो. तपासणीत एचपीव्ही सापडला म्हणून कुणी कुणावर बोट ठेवायचे कारण नाही. धाराशिवमध्ये तपासलेल्या दर दहा बायकांपैकी एकीला तो होता, आणि त्यातल्या बहुतेकींना पुढे काहीही झाले नाही.

लाजेपलीकडे आणखी काय आडवे येते, हे एका गावात पाहू. मुंबई-हावडा लोहमार्गावर, छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात भिलाईला लागून चरोदा आहे. रेल्वेच्या मोठ्या मार्शलिंग यार्डाचे गाव, आता भिलाई-३ चरोदा नावाची महानगरपालिका. रेल्वे आणि पोलाद कारखान्याच्या नोकऱ्यांमुळे विदर्भातून आलेली मराठी घरे या दुर्ग-भिलाई-रायपूर पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. अशा गावात बाईची तपासणी कोण करणार, हे बऱ्याचदा तिच्या नवऱ्याच्या नोकरीवर ठरते. पोलाद कारखान्यात कायम नोकरी असेल तर सेक्टर ९ चे मोठे रुग्णालय आहे. रेल्वेत असेल तर रेल्वेचा दवाखाना. ठेकेदाराकडे कामाला असेल, भाजीचा गाडा असेल, किंवा बाई स्वतःच चार घरची धुणीभांडी करत असेल, तर तिच्या वाट्याला येते ती मितानिन.

मितानिन म्हणजे छत्तीसगडी बोलीत मैत्रीण. गावातल्या, वस्तीतल्या बाईलाच प्रशिक्षण देऊन आरोग्याचे काम सोपवायची ही योजना छत्तीसगडने २००२ मध्ये सुरू केली. देशभरात आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या त्या त्यानंतर, २००५ पासून. म्हणजे या बाबतीत छत्तीसगड महाराष्ट्राच्याही पुढे होते. दारात येणारी, ओळखीची, बाळंतपणापासून लसीपर्यंत सगळे विचारता येईल अशी बाई वस्तीत आधीच आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी व्हायला हवी, आणि ती उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या सरकारी यंत्रणेनेच करायची आहे. रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर भरते, तिथे बायका येतातही. गर्भाशयमुखाचा रकाना मात्र कोरा राहतो. पडदा नाही, टेबल नाही, नर्सला शिकवलेले नाही, किंवा तपासणीत काही सापडले तर पुढे कुठे पाठवायचे हे कुणालाच सांगता येत नाही.

तपासणी कशी होते हे माहीत नसल्यामुळेच निम्मी भीती असते. आम्लाची चाचणी अशी: बाई टेबलावर पाय दुमडून झोपते. नर्स योनीत स्पेक्युलम नावाचे उपकरण हलकेच घालते, त्यामुळे गर्भाशयाचे तोंड दिसू लागते. दिव्याचा उजेड त्यावर पाडायचा. तीन ते पाच टक्के ॲसिटिक आम्लात बुडवलेला कापसाचा बोळा तोंडाला लावायचा. हेच आम्ल स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असते. मग एक मिनिट थांबायचे. बदललेल्या पेशींमध्ये प्रथिने दाट असतात, आम्ल लागले की तो भाग पांढरा पडतो. पांढरा, कडा स्पष्ट असलेला चट्टा दिसला तर पुढची तपासणी. किंचित चुरचुरते, एवढेच. एचपीव्ही तपासणीत तर मऊ ब्रशने फक्त नमुना घेतात आणि तो प्रयोगशाळेत जातो. हा नमुना बाई आडोशाला जाऊन स्वतःही घेऊ शकते. स्वतः घेतलेला नमुनाही चालतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लाजेचा प्रश्न सोडवायला याहून सोपा उपाय सध्या तरी दुसरा नाही. बदललेला भाग सापडला तर तो गोठवून किंवा तापलेल्या टोकाने जाळून काढतात. बहुतेक वेळा भूल देऊन बेशुद्ध करावे लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते, गर्भपिशवी जागच्या जागी राहते.

आम्लाची चाचणी कुचकामी आहे असे मात्र नाही. धाराशिवमध्ये ती एकदाच झाली, मुंबईत ती पुन्हा पुन्हा झाली. टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पुढाकाराने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ही चाचणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली गेली. ती करणाऱ्या बायका दहावी शिकलेल्या होत्या आणि त्यांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण मिळाले होते. सुमारे ७५ हजार बायकांच्या या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ही पद्धत देशभर राबवली तर भारतात वर्षाला २२ हजार मृत्यू टळतील, असा हिशेब या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. दहावी शिकलेली बाई, दिवा, कापूस आणि आम्ल. यातले चरोद्यात काय मिळत नाही?

या दोन्ही अभ्यासांत तपासणी न झालेल्या बायकांचाही एक गट होता, आणि त्यावरून जगभर वाद झाला. तपासणीने जीव वाचतो हे इतर देशांना ठाऊक असताना हजारो बायकांना तपासणीविना का ठेवले, असा सवाल टीकाकारांनी केला. भारतात तेव्हा तशीही कुणाची तपासणी होतच नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. उत्तर खरे आहे, पण त्या ६४ मृत्यूंचे ओझे त्याने हलके होत नाही. त्या बायकांच्या तुलनेतून जे कळले ते वापरायचे नाही, ही त्यांची दुसरी आणि मोठी हेळसांड आहे.

तपासणी पोचली नाही, भीती मात्र पोचली. आणि भीतीचा धंदा झाला.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची हकिकत २०१९ मध्ये देशभर गाजली. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, पाळी अनियमित आहे म्हणून बाई दवाखान्यात जायची. ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका,’ असे तिला सांगितले जायचे. ऊसतोडीच्या हंगामात खाडा पडला तर मुकादमाचा दंड, पाळीत फडावर ना पाणी ना आडोसा, त्यामुळे पिशवी काढली की कटकट मिटेल हे तिलाही पटायचे. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

छत्तीसगडने हे त्याच्या सात वर्षे आधी पाहिले होते. २०१२ मध्ये ‘गर्भाशय कांड’ या नावाने ते प्रकरण तिथे ओळखले गेले. गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेतून पैसे मिळतात म्हणून खासगी रुग्णालये गरज नसताना गर्भाशये काढत असल्याचा आरोप झाला, काही डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. बिहार आणि राजस्थानातूनही अशीच प्रकरणे पुढे आली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणा, असे सर्व राज्यांना सांगितले.

पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या संसर्गाचे लक्षण असते आणि गोळ्यांनी बरे होते. त्यासाठी पिशवी काढणे म्हणजे उपचार नव्हे. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. यातली सर्वांत वाईट बाब क्वचितच सांगितली जाते. तपासणी न करता पिशवी काढली आणि तिथे खरोखरच कर्करोग असला, तर ती साधी शस्त्रक्रिया अपुरी ठरते. कर्करोगासाठी वेगळी, मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात, आणि अर्धवट झालेल्या शस्त्रक्रियेनंतर ते अवघड होऊन बसते. म्हणजे कर्करोग नसेल तर पिशवी उगाच गेली, आणि असेल तर चुकीच्या रीतीने गेली. दोन्हीकडून बाईचेच नुकसान.

लसीची कथाही महाराष्ट्राशी बांधलेली आहे. लसीत विषाणूचे फक्त वरचे रिकामे कवच असते, आत त्याचे जनुकीय द्रव्य नसते, त्यामुळे तिच्यापासून संसर्ग होऊ शकत नाही. २००६ पासून ती जगात वापरात आहे. भारतात २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले आणि देशभर हलकल्लोळ उडाला. मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत दिसले. पण मुलींच्या पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचेही त्याच चौकशीत उघड झाले. संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. गरीब आदिवासी मुलींच्या बाबतीत संमती ही वरवरची गोष्ट समजली गेली, आणि त्याची किंमत लसीला पुढे दशकभर मोजावी लागली.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीच्या सगळ्याच चाचण्या थांबवल्या. बार्शी आणि पुण्यासह देशात अनेक ठिकाणी तेव्हा दुसरा एक अभ्यास चालू होता. मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे त्यात पाहायचे होते. १७ हजार ७२९ मुलींना लस टोचून झाली होती आणि काम मध्येच बंद पडले. ४ हजार ९५० मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही. त्या मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, तरी तपासणी चालू राहिली. दहा वर्षांनी दिसले की १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या पुढे संरक्षण मिळाले होते, दोन किंवा तीन डोसांइतकेच. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असे जाहीर केले. निम्म्या किंवा एक तृतीयांश खर्चात लस देता येणे म्हणजे गरीब देशांतल्या कोट्यवधी मुलींना ती मिळणे. रखडलेल्या अभ्यासातून असे काही निघेल, याची कुणी कल्पना केली नव्हती.

लसीचा परिणाम आता आकड्यांत दिसतो आहे. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला. स्कॉटलंडमध्ये त्या वयात लस घेतलेल्यांत तो एकीलाही झालेला आढळला नाही. रवांडासारख्या गरीब देशाने २०११ पासून बहुतांश मुलींना लस दिली. आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांतून ती दिली आणि जवळजवळ सगळ्या मुलींपर्यंत पोचवली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला चालना देण्याची घोषणा केली.

लस विषाणू येण्याआधी द्यायची असते, म्हणून हे वय. आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. लस घेतली म्हणून तिशीनंतरची तपासणीही चुकवायची नाही, कारण लस सगळ्याच घातक प्रकारांपासून वाचवत नाही. लसीने मूल होत नाही, ही अफवा प्रत्येक राज्यात पसरलेली आहे आणि तिला काडीचा आधार नाही. ‘मुलीला आत्तापासून कशाला असली लस,’ असे आजीने विचारले तर गोवराची, धनुर्वाताची लसही रोग होण्याआधीच देतात, एवढे सांगितले तरी पुरे.

बार्शीची आणखी एक गोष्ट चरोद्याच्या कामाची आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. काम फक्त नोंदी ठेवण्याचे. पण नोंद घ्यायला गावात गेलेले कार्यकर्ते लोकांशी बोलू लागले. पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणे, संबंधांनंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, दुर्गंधी येणारे पाणी जाणे, ही दुखणी अंगावर काढू नका, असे ते सांगत राहिले. काही वर्षांतच दिसले की बायका रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. नवे यंत्र आले नव्हते, औषध आले नव्हते. नुसत्या बोलण्याने हे घडले. रोग गर्भाशयमुखापुरताच असताना सापडला तर दहापैकी नऊ बायका पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, हे लक्षात घेतले की त्या बोलण्याचे मोल कळते.

तेव्हा चरोद्यातल्या, भिलाईतल्या आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनीही एवढे करावे. घरात तिशी ओलांडलेली बाई असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाची तपासणी कोणत्या दिवशी होते हे मितानिनला किंवा आशाताईला विचारावे. होत नसेल तर का होत नाही, हे नगरसेवकाला विचारावे. तपासणी सरकारने मान्य केलेली आहे, ती मागणे हा हक्क आहे. शक्य असेल तिथे एचपीव्ही तपासणीच मागावी. नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर लस कुठे आणि कशी मिळते याची चौकशी याच महिन्यात करावी. आणि कुणी डॉक्टर एका भेटीत ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणाला, तर तीन प्रश्न विचारावेत: गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, तुकडा काढून तपासला का, त्याचा अहवाल कुठे आहे? कागद हातात येईपर्यंत आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवेपर्यंत संमतीपत्रावर सही करू नये.